बोरिवलीचं जंगल आणि आमच्या वाडीतली शेळी

आम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आमच्याकडं जे झालं ते तुमच्यापैकी कित्येकींच्या वाडीतही झालेलं असणार.

गटात आम्ही पंधरा जणी. त्यातल्या तेरा जणी मुंबईला जाऊन बोरिवलीचं नॅशनल पार्क बघून आलो. त्याबद्दल बोला असं रेडिओवाल्या ताईंनी सांगितलं. पण आमच्या सहलीची सुरुवात झाली ती शेळीपासून, म्हणून आधी शेळीचं सांगतो.

आमच्यातल्या एकीनं गटाचं कर्ज घेऊन दोन शेळ्या घेतल्या होत्या. एक गाभण होती. रात्री त्या पडवीत बांधायच्या. पडवीला तीन बाजूंनी कारवीचे कूड, चौथ्या बाजूला नुसतं फळकूट आडवं लावलेलं. दसरा झाल्यावर चार-सहा दिवसांनी, पहाटेच्या आधी कुत्रं एकदाच केकाटलं आणि गप्प झालं. सकाळी बघतात तर गाभण शेळी नाही. अंगणातून पऱ्याकडं ओढत नेल्याची खूण. पऱ्याच्या पलीकडं ऐनाच्या झाडाखाली अर्धी शेळी पडलेली.

पुढं आम्ही जे केलं ते तुम्हीही केलं असतं. पोरांनी काठ्या घेऊन आरडाओरडा केला. उरलेली शेळी दरीत लोटून दिली, वास सुटायला नको आणि पुन्हा तो यायला नको म्हणून. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, वनखातं भरपाई देतं. चौकशी केली, तर पंचनाम्याला दाखवायला काही उरलंच नव्हतं. पैसे मिळाले नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

त्या महिन्याची गटाची मीटिंग आम्ही कधी विसरणार नाही. हप्ता माफ करायचा का, यावर चांगली वादावादी झाली. माफ केला तर उद्या दुसरी म्हणेल माझी कोंबडी गेली. नाही केला तर तिनं भरायचा कशातून? शेवटी तीन महिने थांबायचं ठरलं. एका गोष्टीवर मात्र पंधराच्या पंधरा जणी एक झालो. बिबट्याला पिंजरा लावा आणि धरून लांब नेऊन सोडा, असा अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. कारण शेळी गेली त्याहून मोठी भीती पोरांची होती. शाळेची वाट रानातून जाते. आम्ही लाकूडफाट्याला जातो, अंधारात झाड्याला जातो. रात्री पानं वाजली तरी छातीत धडधडायला लागलं होतं.

त्याच सुमारास आमच्यातल्या एकीची नणंद बोरिवलीहून गावी आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं एकदा आला. आमच्याकडं चाळीच्या मागच्या भिंतीवर येऊन बसतो. या की बघायला."

आम्हाला वाटलं थट्टा करते. मुंबईत कुठला वाघ? पण ती खरंच सांगत होती. तिचे यजमान आपल्या इथल्याच सगळ्यांसारखे पोटापाण्यासाठी मुंबईला गेले आणि खोली मिळाली ती नॅशनल पार्कच्या अगदी कुंपणाला लागून. पुढच्या दारानं रिक्षा आणि मागच्या खिडकीतून जंगल.

गटाची सहल म्हटली की आम्ही दरवर्षी देवदर्शनाला जातो. या वेळी म्हटलं, देव बसल्या जागी आहे, यंदा वाघ बघू. घरच्यांनी खूप हसून घेतलं. रानातल्या बाया रान बघायला मुंबईला निघाल्या, असं म्हणून गावभर झालं. हसू देत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग माहेरी जाण्यापलीकडं आम्ही पहिल्यांदाच केला. रात्रीच्या गाडीनं निघालो. माणगाव, कोलाड, वडखळ, पनवेल करत उजाडता उजाडता बोरिवलीत. तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, सोमवारी उद्यान बंद असतं.

उद्यानाचं सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं. मोठा रस्ता ओलांडला, गेटातून आत गेलो आणि शंभर पावलांत गाड्यांचा आवाज मागं पडला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, एका बाजूला मुंबईची उपनगरं, दुसऱ्या बाजूला ठाणं. झाडं बघून आम्ही चाटच पडलो, कारण ती सगळी आमच्याच ओळखीची. ऐन, साग, पळस, पांगारा, काटेसावर, करवंदीच्या जाळ्या. आणि कारवी! आपल्या डोंगरात आठ वर्षांनी फुलते तीच. तिथं ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली, तेव्हा शहरातली माणसं मुद्दाम बघायला आली होती म्हणे. आमची एक काकी म्हणाली, "आपण हिचे कूड घालतो आणि हे तिचे फोटो काढतात." तिथल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

आधी सफारी केली. जाळ्या लावलेली बस असते, ती बंद कुंपणाच्या आत नेतात. पट्टेरी वाघ आणि सिंह तिथं बघायला मिळतात, पण ते रानात मोकळे फिरणारे नाहीत, कुंपणात पाळलेले आहेत. वाघ सावलीला आडवा पडला होता. आमच्या बसमध्ये सगळ्यांनी मोबाईल वर केले. आमच्यातल्या दोघी-तिघींनी नकळत हात जोडले. वाघजाईचं वाहन ना ते! वरंध घाटात वाघजाईच्या देवळापुढून जाताना गाडी थांबवून नारळ फोडणारी माणसं आपण. पण तो वाघ बघून मन काही भरलं नाही, हे खरं सांगतो. दुपारी ओटीवर पडलेल्या म्हाताऱ्यासारखा तो पडला होता. त्यानं डोळे उघडून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटले. शेळी गेलेली आमची मैत्रीण म्हणाली, "याला रोजचं मटण कोण घालतं? त्याचा हप्ता कोण भरतं?" सगळी बस हसली. ती मात्र हसली नाही.

वनराणी नावाची छोटी आगगाडीही इथलीच. आमच्यातली एक लहानपणी मामाकडं आली असताना त्या गाडीत बसली होती, तिला तिचं फार अप्रूप. २०२१ च्या तौक्ते वादळात गाडीचे रूळ उखडले आणि ती कितीतरी काळ बंद राहिली. आपल्याला ती वादळं चांगली ठाऊक आहेत, पत्रे अजून पुरते बसलेले नाहीत.

सफारीनंतर झाडाखाली डबे सोडले. माकडं येऊन बसली, पण वरंध घाटाची सवय असल्यामुळं आम्ही पिशव्या मांडीखाली धरूनच जेवलो. समोर एक बाई टोपलीत काकड्या, आवळे, चिंचा घेऊन विकायला बसली होती. आम्हीही महामार्गाला जांभळं-करवंदांचे वाटे लावून बसतो, त्यामुळं बोलणं लगेच जुळलं. वाटा केवढ्याला, दिवसाला किती सुटतात, गाडीवाले घासाघीस किती करतात, सगळं झालं. ती वारली समाजाची. उद्यानाच्या आत आदिवासींचे पाडे आहेत, नवापाडा, चुनापाडा, तुमणीपाडा अशी नावं. उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं तिथं राहतात. रात्री त्यांच्या पाड्यांतून बिबट्या जातो येतो.

आम्ही विचारलं, "भीती नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाटते की. भीती वाटते म्हणून तर नीट राहतो."

तिच्याकडून कळलं, की त्यांच्यात वाघोबाचं ठाणं असतं. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या सुरुवातीला ते वाघबारस करतात. ज्या दिवशी आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी ही माणसं वाघाची पूजा करतात. वाघोबानं आपल्या गुरांना, पोरांना सांभाळून घ्यावं म्हणून. आम्ही गप्पच झालो. आमच्या वाघजाईला तरी आम्ही दुसरं काय मागतो?

पण नुसत्या पूजेवर ती थांबत नव्हती. दिवस मावळला की पोरं दारात, हे तिच्या घरात ठरलेलं. अंधारात बाहेर जायचं झालं तर दोघींनी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत बोलत. बोलत का? तर चाहूल लागली की बिबट्याच बाजूला होतो. त्याला माणसाशी गाठ नको असते. अंधारात झाड्याला बसलेली बाई त्याला बाई वाटत नाही, खाली वाकलेलं जनावर वाटतं. लहान पोराचंही तेच. म्हणून घरात संडास नसणं ही तिथल्या बायकांची मोठी काळजी आहे. हे ऐकताना आम्ही एकमेकींकडं बघत होतो. आमच्या वाडीत पाच घरांत संडास बांधलाय आणि त्यातल्या तिघांत लाकडं भरलीत.

मग कान्हेरीला गेलो. गेटापासून सहा-सात किलोमीटर आत डोंगरावर लेणी आहेत, शंभराच्या वर. बौद्ध भिक्षूंसाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारापासून पुढं नऊशे-हजार वर्षं ती कोरली जात होती. वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहेत. मूर्तींपुढं आम्ही हात जोडले, पण जास्त वेळ थांबलो ते पाण्यापाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात खोदलेलं टाकं. त्याला पोढी म्हणतात. वरच्या कातळावर बारीक चर कोरलेत, पावसाचं पाणी चरातून येतं आणि टाक्यात पडतं. डोंगरमाथ्यावर इतकी माणसं वर्षभर राहायची ती या पाण्यावर. आम्ही त्या चराच्या कडेनं बोट फिरवत वर चढलो, पाणी कुठून कुठं येतं ते बघत. आमच्याकडं चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघायची पाळी. महाडला गांधारपाल्याची लेणी आपण येता-जाता एसटीच्या खिडकीतून बघतो. तिथंही अशीच टाकी आहेत, वर चढून मात्र आमच्यातल्या एकीनंही कधी बघितली नव्हती. हा विषय वेगळा आहे, पुन्हा कधी बोलावलंत तर सांगू. एवढं मात्र सांगितलं पाहिजे, की याच जंगलात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. त्यांचं पाणी मुंबई आजही पिते. तलाव भरायचे तर भोवतीचा डोंगर झाडांनी झाकलेला राहायला हवा, म्हणून तिथलं रान राखलं गेलं. रान राहिलं म्हणून बिबट्या राहिला.

परत येताना एक वनरक्षक मुलगी भेटली. खाकी गणवेश, पायात बूट, वय आमच्या लेकीएवढं. आमची शेळीची गोष्ट ऐकून ती रस्त्याच्या कडेला आमच्याबरोबर खाली बसली आणि पाऊण तास बोलली. आम्ही काय काय विचारलं! तिनं जे सांगितलं ते आपल्या उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उद्यानात बिबटे किती, ते मोजतात कसे? तर झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. २०१५ च्या मोजणीत पस्तीस बिबटे मिळाले. पुढच्या मोजण्यांत आकडा चाळीसच्या पुढं गेला. एवढ्याशा जागेत इतके बिबटे, आणि भोवती लाखांनी माणसं! ते खातात काय? रानातली हरणं, डुकरं खातात, आणि मोठ्या प्रमाणात भटकी कुत्री. कुत्री कशावर जगतात? आपल्या उकिरड्यावर. म्हणजे चिकनच्या दुकानाची घाण, लग्नातलं उरलेलं अन्न जिथं टाकतो तिथं कुत्री, आणि कुत्र्यांमागं बिबट्या. आमच्या वाडीच्या वळणावर कोंबड्यांची पिसं आणि आतडी कोण टाकतं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही, तो ऐकत असेल.

आम्ही मुद्द्याचं विचारलं. पिंजरा का लावत नाही तुम्ही?

तिनं उलट विचारलं, "धरून नेला की ती जागा मोकळी राहील असं वाटतं का तुम्हाला?"

तिचं म्हणणं असं. प्रत्येक बिबट्याचा आपला एक मुलूख असतो. तुमच्या रानातला बिबट्या वर्षानुवर्षं तिथं असतो. वाटा, वेळा, माणसं त्याला माहीत असतात. त्याला उचलला की रिकाम्या मुलखात दुसरा येतो, बहुतेक वेळा तरणा, ज्याला काहीच माहीत नसतं. आणि ज्याला नेऊन सोडलं तो परक्या ठिकाणी भांबावतो, घरच्या वाटेला लागतो. जुन्नरकडं २००१ ते २००३ या काळात शंभराच्या वर बिबटे पकडले होते आणि लांब नेऊन सोडले होते. जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय या अभ्यासक बाईंनी ते शोधून काढलं. त्यांनी आणि वनखात्यानं २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. पट्ट्यामुळं तो कुठं जातो ते कळायचं. तो चालत चालत, महामार्ग ओलांडत, वस्त्यांच्या कडेनं, सव्वाशे किलोमीटर कापून या उद्यानाच्या शेजारच्या रानात आला. वाटेत त्यानं एकाही माणसाला हात लावला नाही. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. त्याच्यावर सिनेमाही निघाला, २०१४ साली, उर्मिला मातोंडकरचा. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली येऊन तो गेला.

आमच्या म्हाताऱ्या काकीला हे ऐकून डोळ्याला पाणी आलं. "माघारीच जात असेल गं तो," म्हणाली. गिरणीत आयुष्य काढून गावच्या वाटेला डोळे लावून बसलेले तिचे यजमान तिला आठवले असणार.

त्या मुलीनं गोड गोड तेवढंच सांगितलं असं मात्र नाही. २००४ साली या उद्यानाच्या कडेनं बिबट्यानं बरीच माणसं मारली. त्यानंतर हळूहळू वनखातं, अभ्यासक आणि आसपासचे रहिवासी एकत्र आले. २०११ पासून वस्त्यांत, शाळांत जाऊन सांगायला लागले. हल्ले कमी झाले, संपले नाहीत. २०२१ साली शेजारच्या आरे कॉलनीत एका वयस्क बाईवर बिबट्या धावून आला, तिनं हातातल्या काठीनं त्याला हटवलं, ते टीव्हीवर तुम्हीही बघितलं असेल. आणि २०२२ च्या दिवाळीत तिथंच दीड वर्षाची पोर गेली. दिवाळीची पहाट, अंधार. हे सांगताना ती मुलगी थांबली. आम्हीही काही बोललो नाही.

मग तिनं समोरासमोर आला तर काय करायचं ते उभं राहून दाखवलं. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही. पोर बरोबर असेल तर उचलून घ्यायचं. उभ्यानं, हात वर करून, आवाज करत हळूहळू मागं सरायचं. त्याला जायला वाट ठेवायची. गावात शिरला असेल तर घोळका करून त्याला कोंडायचं नाही. माणसांनी घेरलेला बिबट्याच सगळ्यात जास्त माणसं फाडतो. रानात पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, आई जवळच असते.

आणि भरपाईचं. जनावर मेलं तर ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाला कळवायचं. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, त्यावरही फोन करता येतो. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. पंचनामा होतो, जनावरांचे डॉक्टर तपासतात, मग भरपाई. शेळीवाली मैत्रीण हे ऐकत होती. ती म्हणाली, "दरीत लोटताना दोन पाय मीच धरले होते." तिच्या पाठीवर हात ठेवण्याशिवाय आमच्याकडं काही नव्हतं.

रात्री मुक्काम नणंदेकडं. एका खोलीत तेरा जणी आणि घरची चार माणसं. आपल्याकडच्या माणसाची खोली लहान असली तरी माणसाला कधी कमी पडत नाही. जेवण झाल्यावर तिनं मागची खिडकी दाखवली. भिंत, भिंतीवर तार, पलीकडं काळोख. तिच्या चाळीत काय काय बदललं ते तिनं सांगितलं. पूर्वी सगळी चाळ कचरा भिंतीपलीकडं फेकायची. आता बायकांनी मिळून ते बंद केलं. मागच्या बाजूला दिवा बसवून घेतला. संध्याकाळी सात नंतर पोरं मागच्या गल्लीत खेळत नाहीत. हे सगळं व्हायला दोन वर्षं भांडावं लागलं.

आम्ही बारा वाजेपर्यंत खिडकीत बसलो. बिबट्या दिसला नाही. तीन-चारच्या सुमाराला मात्र जंगलातून माकडांचा ओरडा उठला. नणंद अंथरुणातूनच म्हणाली, "वहिनी, निघाला तो. झोपा आता." आणि कूस बदलून झोपली. आम्ही कुठल्या झोपतो!

गावी आल्यावर काय झालं ते सांगतो. शेळीच्या पडवीला चारी बाजूंनी जाळी मारली, वरून पत्रा, दाराला कडी. खर्च गटानं उसना दिला. मग आणखी चौघींनी आपापले गोठे बंद केले. संडासातली लाकडं दोन घरांतून निघाली, तिसऱ्या घरी सासूबाई अजून ऐकत नाहीत. शाळेची पोरं आता घोळक्यानं जातात आणि एक आई आळीपाळीनं वळणापर्यंत सोबत असते. वळणावर कोंबड्यांची आतडी टाकणं चालूच आहे. त्याच्याशी आमचं दोनदा भांडण झालं, तिसऱ्यांदा होईल.

पिंजऱ्याच्या अर्जावरून मात्र गटात दोन बाजू पडल्या आहेत. नऊ जणी म्हणतात अर्ज मागं घेऊ. चौघी म्हणतात राहू दे. दोघी काहीच बोलत नाहीत. शेळीवाली राहू दे म्हणणाऱ्यांत आहे. ती म्हणते, "तुमचं सगळं पटतं. पण रात्री पडवीत जायचं मला असतं." तिला आम्ही चूक म्हणू शकत नाही. पुढच्या ग्रामसभेत यावर बोलणं होणार आहे आणि तिथं तीही बोलणार आहे.

तिची राहिलेली शेळी गेल्या आठवड्यात व्याली. दोन करडं आहेत, एक काळं, एक तांबूस. तीन महिन्यांची मुदत संपली, पहिला हप्ता तिनं भरला. रात्री झोपायच्या आधी ती कडी दोनदा हलवून बघते, आणि आता शेजारच्या घरातूनही आवाज येतो, "लावली का गं?"